पोर्चमधलं वर्कशॉप आणि त्याची वीज

मराठीत गॅरेज म्हटलं की स्कूटर उघडून बसलेला मिस्त्री डोळ्यांपुढे येतो. घरची गाडी उभी राहते ती जागा आपल्याकडे पोर्च, पार्किंग, किंवा वर पत्रा असेल तर शेड. नाशिक, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या कडेच्या बंगल्यांच्या वस्त्या, कुठेही पाहा. या जागेत आधी एक जुनं टेबल येतं, त्यावर व्हाइस बसतो, मग ड्रिल येतं, चार इंची ग्राइंडर येतो. इथपर्यंत घरातून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर भागतं. पुढे कुणाला लाकडाचा नाद लागतो आणि करवत-रंध्याचं मशीन येतं. कुणी लोखंडाकडे वळतो आणि वेल्डिंग मशीन घेतो, कुणी रंगकामासाठी कॉम्प्रेसर. मशीन टेम्पोतून दारात उतरतं त्या दिवशी प्रश्न उभा राहतो: हे लावायचं कुठे?

उत्तर द्यायला दुकानदार असतो, वायरमन असतो, शेजारचे निवृत्त इंजिनिअर असतात. त्यांची उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो, थ्री फेजशिवाय हात लावू नका. दुसरा म्हणतो, पंधरा ॲम्पिअरचा एक पॉइंट काढा, झालं काम. मी माझ्या शेडमध्ये बरीच वर्षं लाकूडकाम करतो आहे. या काळात ऐकलेली, वाचलेली आणि स्वतः करून पाहिलेली उत्तरं एकत्र मांडताना एक गोष्ट मला फार खटकते. सगळी चर्चा मशीनपर्यंत वीज पोचवण्याची होते. ती कधी, किती वेगात आणि कशाने तोडली जाईल, हा विषय निघतच नाही. माणूस वाचतो तो त्या दुसऱ्या गोष्टीमुळे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. थ्री फेजला लोक सर्रास ‘हाय व्होल्टेज’ म्हणतात. घरातल्या साध्या पॉइंटवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० ते २४० व्होल्ट असतात. थ्री फेजच्या दोन फेजांमध्ये हाच आकडा १.७३ पटीने वाढून ४०० ते ४१५ होतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘लो’, ६५० पर्यंतचा ‘मीडियम’ आणि त्याच्या पुढचा ‘हाय’ होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत पोर्चमध्ये हाय व्होल्टेज कधी येतच नाही. पण म्हणून निश्चिंत व्हावं असं काही नाही. घरातला २३० चा दाबही माणसाचा जीव घ्यायला पुरेसा आहे, आणि थ्री फेजच्या कुठल्याही एका तारेला हात लागला तर जमिनीच्या हिशेबात तोच २३० चा झटका बसतो.

यंत्र किती वीज ओढतं हे त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. चार इंची ग्राइंडर ६७० ते ८५० वॅट, मार्बल कटर बाराशे-तेराशे, लोखंड कापणारं चौदा इंची कटऑफ मशीन २००० ते २४०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पण हा मोटरच्या दांड्यावर मिळणारा जोर झाला. सिंगल फेजची दोन एचपीची मोटर भर कामात ११-१२ ॲम्पिअर ओढते, कारण वाटेत बरंच काही उष्णतेत जातं आणि पॉवर फॅक्टरही कमी असतो. खरी मेख पाटीवर नसते. थांबलेली इंडक्शन मोटर सुरू होताना, वेग पकडेपर्यंतच्या त्या सेकंद-दीड सेकंदात, चालत्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. आपली दोन एचपीची मोटर त्या क्षणी साठ-सत्तर ॲम्पिअरवर असते.

माझ्या कॉम्प्रेसरने मला हे शिकवलं. टाकी रिकामी असताना तो व्यवस्थित सुरू व्हायचा. टाकीत हवा असताना पुन्हा सुरू व्हायला गेला की १६ ॲम्पिअरचा एमसीबी पडायचा. वायरमनने पाहिलं आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला: “हा काढून बत्तीसचा टाकू, साहेब.” टाकलाही. कॉम्प्रेसर बिनतक्रार सुरू झाला आणि मी खूश झालो. काही महिन्यांनी कॉम्प्रेसर आणि प्लेनर एकाच लाइनवर बराच वेळ चालवले तेव्हा प्लास्टिक तापल्याचा वास आला. सॉकेटचं तोंड तपकिरी झालं होतं आणि मागच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं. एमसीबी तसाच चालू होता.

तो का पडला नाही, याचं उत्तर साधं आहे. भिंतीत अडीच एमएमची वायर होती. पाइपातून जाणारी तांब्याची अशी वायर वीस-बावीस ॲम्पिअरच्या आसपास सुखाने वाहते. एमसीबीच्या मानकानुसार त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडता कामा नये. म्हणजे ३२ च्या एमसीबीतून ३६ ॲम्पिअर तासभर गेले तरी तो आपलं काम चोख करत असतो. एमसीबी मशीनसाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो, आणि मी वायर तीच ठेवून तिचा राखणदार बदलला होता.

योग्य उपाय वेगळा होता. एमसीबीवर आकड्याच्या आधी एक अक्षर असतं, त्याकडे कुणी पाहत नाही. ‘बी’ जातीचा एमसीबी आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला क्षणात पडतो, ‘सी’ जातीचा ५ ते १० पटीला, ‘डी’ जातीचा १० ते २० पटीला. माझ्याकडे दिव्यांसाठी असतो तो बी-१६ होता. त्याच जागी सी-१६ बसवला असता तर सुरुवातीचा झटका त्याने सोसला असता आणि वायरही सांभाळली असती. डी जात मात्र घरात विचार करूनच वापरावी. शॉर्ट सर्किटच्या वेळी तिला पाडायला फार मोठा प्रवाह लागतो, आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात तो मिळेलच असं नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल मला रागाने लिहावंसं वाटतं, कारण तो प्रत्येक घरात आहे. बाजारातल्या स्वस्त बोर्डाची वायर बहुधा पाऊण एमएमची असते. अशा वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम. वीस मीटरची वायर घेतली तर जाऊन-येऊन साधारण एक ओहम भरतो. त्यावर चौदा इंची कटऑफ मशीन लावलं, दहा ॲम्पिअर वाहिले, की वायरमध्ये दहा व्होल्ट आणि सुमारे शंभर वॅट जिरतात. वायर पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते. गुंडाळी तशीच ठेवून मशीन चालवलं तर शंभर वॅटचा बल्ब वायरच्या भेंडोळ्यात कोंडून पेटवल्यासारखं होतं. शिवाय मशीन सुरू होताना तीस-चाळीस व्होल्ट वाटेतच पडतात आणि इंडक्शन मोटर असेल तर ती घुं-घुं करत तापत राहते. हीच लांबी अडीच एमएममध्ये घेतली तर रोध एक-तृतीयांशाच्या खाली येतो. बोर्ड लागणारच असेल तर जाड वायरचा घ्या, पूर्ण उलगडून वापरा, आणि वर्कशॉपची कायमची सोय म्हणून त्याकडे पाहू नका.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो विषय: सिंगल फेज की थ्री फेज?

थ्री फेज मोटर ही सुंदर वस्तू आहे. तिला कपॅसिटर नाही, आत सुरुवातीच्या वाइंडिंगचा वेगळा स्विच नाही, बिघडण्यासारखं फार थोडं. तीन एचपीची थ्री फेज मोटर दर फेजला जेमतेम पाच ॲम्पिअर ओढते. सिंगल फेजवर तेवढीच मोटर सतरा-अठरापर्यंत जाते. जुन्या बाजारात मिळणारी दणकट लेथ, बँडसॉ, थिकनेसर मशीनं जवळजवळ सगळी थ्री फेजवरची असतात, आणि ज्याला ती हवी आहेत त्याचा जीव थ्री फेजमध्ये अडकणं साहजिक आहे.

पण थ्री फेजची दुखणीही आपल्याकडची खास आहेत. एक फेज गेला तरी चालती मोटर थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजांवर कुंथत राहते आणि जळते. शेतकऱ्याला हे सांगायला नको, विहिरीवरच्या मोटरीनं त्याला ते पुरेपूर शिकवलं आहे. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर घरच्या वर्कशॉपमध्येही हवाच. दुसरं, लाइनचं काम झाल्यावर कधी दोन फेजांची अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं. करवत उलटी फिरली तर लाकूड कुठे जाईल सांगता येत नाही, आणि लेथचा आट्यांवर बसवलेला चक सुटून येऊ शकतो. वीज बराच वेळ जाऊन आली असेल तर पहिला खटका मशीनवर काही न लावता दाबायचा, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. तिसरं दुखणं न्यूट्रलचं. थ्री फेजच्या घरात मुख्य न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, तर ज्या फेजवर भार कमी तिथला दाब तीनशेच्या पुढे चढतो आणि टीव्ही, फ्रिज, एलईडी एका झटक्यात जातात. मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड वर्षातून एकदा जाणकाराकडून आवळून घेणं हे थ्री फेजच्या खर्चातच धरावं.

महाराष्ट्रात साधारण ४० ॲम्पिअरपर्यंतचा भार सिंगल फेजवर दिला जातो, म्हणजे नऊ किलोवॅटच्या आसपास. त्यापुढे थ्री फेज. अर्ज करायचा, मंजूर भार वाढवून घ्यायचा, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. घरगुती जोडणीतही थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त असतो आणि तो मशीन चालो न चालो दरमहा भरावा लागतो. एकटा माणूस एका वेळी एकच मोठं मशीन चालवतो. सोबत धूळ ओढणारा पंखा असेल, दिवे असतील. दोन-तीन एचपीपर्यंत हा हिशेब सिंगल फेजवर आरामात बसतो, मात्र घरातला गीझर आणि एसी त्याच वेळी चालू नसावेत.

या वादात व्हीएफडीने नवा मार्ग काढला आहे. २३० व्होल्टचा सिंगल फेज आत घेऊन २३० व्होल्टचे तीन फेज बाहेर देणारा हा डबा. आपल्याकडच्या छोट्या थ्री फेज मोटरी बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्यांच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टा केला की तीच ४१५ ची मोटर २४० वर पूर्ण जोराने चालते. वर ती हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा सहापट झटकाच उरत नाही, आणि वेग कमी-जास्त करता येतो हा लाकूडकाम करणाऱ्याला मोठा लाभ. तीन एचपीपर्यंत ज्याला जुनं मशीन घ्यायचं आहे त्याने थ्री फेजचा अर्ज करण्याआधी हा पर्याय तपासावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच एचपीच्या पुढे मात्र वाद नको, थ्री फेज घ्यावा.

वेल्डिंगचं गणित वेगळं आहे. जुनं, जड, तेलात बुडवलेलं ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजांवर चालायचं आणि ते लावलं की आळीतले दिवे मिचमिचायचे. इन्व्हर्टर मशीन आल्यापासून घरच्या बारीक कामासाठी सिंगल फेज पुरतो. पण ‘२०० ॲम्पिअर’ असं लिहिलेलं मशीन खरोखर पूर्ण ताकदीने चालवलं तर ते सोळा ॲम्पिअरच्या पॉइंटच्या कह्यात राहत नाही. त्याला चार एमएमची वेगळी लाइन आणि ३२ ॲम्पिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट द्यावं. हा निळा, गोल, झाकणाचा सॉकेट दिसायला बोजड असतो, पण सोळाचा टॉप कितीही दाबून बसवला तरी अशा कामात ढिला पडतो आणि जळतो.

कामाचा उद्योग झाला तर वीजदराचाही प्रश्न येतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत एक दिलासा आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आदल्या वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल तर त्याला घरगुतीच दर लागतो. पुढे गेलात तर वर्गवारी बदलून घ्यावी. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ मंजुरीपेक्षा वेगळ्या कामासाठी वापरलेल्या विजेवर दुप्पट दराने आकारणी करू देतं.

इतका वेळ वीज पोचवण्याचं झालं. आता अर्थिंग.

“अर्थिंग उत्तम आहे, काही झालं तर एमसीबी पडेल,” हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यात इंजिनिअरही आले, की ते चुकीचं आहे हे आकड्यांनीच दाखवायला हवं. आपल्या बहुतेक घरांचं अर्थिंग घराच्या आवारातल्या खड्ड्यात असतं आणि ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग तिकडे लांब. मधली वाट मातीतून. समजा आपल्या खड्ड्याचा रोध चांगला, पाच ओहम, आणि ट्रान्सफॉर्मरकडचाही पाच. मशीनच्या आत फेजची वायर सोलली आणि लोखंडी अंगाला टेकली. प्रवाह किती वाहील? २३० भागिले १०, म्हणजे २३ ॲम्पिअर. आपला सी-१६ एमसीबी क्षणात पडायला किमान ८० ॲम्पिअर हवेत. २३ ॲम्पिअर म्हणजे त्याच्या आकड्याच्या जवळपास १.४४ पट, आणि एवढ्याला पडायला तो तासभरही घेऊ शकतो. त्या सगळ्या वेळात मशीनचं अंग ११५ व्होल्टवर असतं. ओल्या हाताने, अनवाणी पायाने माणूस त्याला टेकला तर शंभरेक मिलिॲम्पिअर छातीतून जातात. अर्थिंग उत्तम होतं, एमसीबी चांगल्या कंपनीचा होता, आणि तरीही.

हे काम आरसीसीबीचं आहे. जुन्या सवयीने त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो मोजतो. ३० मिलिॲम्पिअरचा फरक दिसला की ३०० मिलिसेकंदांच्या आत तो वीज तोडतो, फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. वरच्या उदाहरणातले २३ ॲम्पिअर त्याच्यासाठी शेकडो पटींनी जास्त आहेत. खडकाळ जमिनीत, सह्याद्रीच्या काळ्या दगडात किंवा कोकणच्या जांभ्यात, खड्डा कितीही खोल घेतला, कोळसा-मीठ कितीही घातलं तरी रोध पन्नास-शंभर ओहमच्या खाली येणं कठीण जातं. तिथेही दोन ॲम्पिअर वाहतात आणि आरसीसीबी पडतो. अर्थिंगशिवाय त्याचं अर्धं काम जातं, म्हणून खड्डा हवाच. पण दोन्हींपैकी एकावर विसंबणं चूक आहे.

या उपकरणामागचं मोजमाप चार्ल्स डाल्झिएल या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्राध्यापकाचं. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातून प्रवाह सोडून पाहिलं की कितीपर्यंत माणूस धरलेली वस्तू स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांत तो आकडा सरासरी १६ मिलिॲम्पिअर निघाला, स्त्रियांत त्याहून कमी. ड्रिलची मूठ धरलेल्या हाताचे स्नायू त्यापुढे आवळतात आणि बोटं उघडतच नाहीत. १९६१ मध्ये डाल्झिएल यांनी पाच मिलिॲम्पिअरला वीज तोडणारं उपकरण तयार केलं. अमेरिकेच्या वायरिंग संहितेने १९७८ पासून ते घरच्या गॅरेजमधल्या साध्या सॉकेटांना सक्तीचं केलं, आणि २०२० च्या आवृत्तीत ही सक्ती २४० व्होल्टच्या सॉकेटांपर्यंत नेली. आपल्याकडे १९५६ च्या नियमांत नंतर घातलेल्या कलमाने ५ किलोवॅटपासून पुढच्या जोडणीला असं उपकरण बंधनकारक केलं, २०१० च्या केंद्रीय नियमांनी ती मर्यादा २ किलोवॅटवर आणली. नियम आहे. पाळला जातो का, ते आपापल्या घरची डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडून पाहावं.

आणि जिथे आहे तिथेही पावसाळ्यात तो बाजूला काढला जातो. पहिल्या सरीत अंगणातल्या दिव्यात पाणी शिरतं, आरसीसीबी पडतो, अख्खं घर अंधारात, मग कुणीतरी वायर सरळ जोडून देतो. यावर इलाज आहे: शेडला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा, घराचा वेगळा ठेवावा. एकाचा दोष दुसऱ्याला बाधणार नाही आणि काढून टाकण्याचा मोहही होणार नाही. व्हीएफडी आणि इन्व्हर्टर वेल्डिंग वापरणाऱ्याने आणखी एक पाहावं. स्वस्तातला ‘एसी’ जातीचा आरसीसीबी या यंत्रांतून गळणारा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह नीट ओळखत नाही. ‘ए’ जातीचा तरी घ्यावा, आणि व्हीएफडी बनवणाऱ्याने पुस्तिकेत वेगळी जात सांगितली असेल तर तीच.

इथेच एका खुनशी युक्तीबद्दल सांगितलं पाहिजे. अर्थिंगची वायरच ओढलेली नसेल तर काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला छोटा लूप मारतात. टेस्टिंग लॅम्प लावला तर तो पेटतो, गिऱ्हाईक समाधानी. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रलचा जोड सुटेल त्या दिवशी मशीनचं सगळं अंग फेजवर येईल, मशीन बंद दिसत असताना. जुन्या घरात वर्कशॉप करताना मी पहिल्यांदा सॉकेट उघडून हा लूप शोधायला सांगेन.

प्लास्टिक अंगाच्या, दोन पिनांच्या ड्रिल-ग्राइंडरला अर्थ लागत नाही. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. हे खरं आहे, पण वायर तुटून टेप मारलेला ग्राइंडर त्या खुणेच्या भरवशावर वापरू नये.

परदेशातल्या मराठी माणसांशी या विषयावर बोलताना मजेशीर गाठ पडते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गॅरेज म्हणजे खरंच गाडीचं घर, आणि तिथे त्यात वर्कशॉप थाटणं रूढ आहे. तिथली साधी सॉकेटं १२० व्होल्टची. १५ ॲम्पिअरच्या लाइनवर १८०० वॅट मिळतात, मोठी टेबलसॉ त्यावर चालत नाही, म्हणून गॅरेजमध्ये २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढायची आणि त्यासाठी नगरपालिकेची परवानगी काढायची. तिकडे ज्याला ‘हाय व्होल्टेज’ म्हणून सांभाळून वागवतात तेवढाच दाब आपल्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या सॉकेटवर असतो. त्यातही फरक आहे. तिथले २४० व्होल्ट दोन १२० च्या तारांमधले, त्यामुळे एका तारेचा जमिनीशी फरक १२० च. ब्रिटनच्या बांधकामांवर तर मुद्दाम ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मध्यावर अर्थ करून वापरतात, म्हणजे झटका बसला तर ५५ व्होल्टचा. आपल्याकडे प्रत्येक झटका पूर्ण २३० चा आहे, आणि सावधगिरी मात्र तिघांत सर्वांत कमी. परत येताना तिकडची मशीनं आणणाऱ्यांनी दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर तर घ्यावाच, पण ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर इथल्या ५० हर्ट्झवर सहापैकी पाच भाग वेगानेच फिरते आणि जास्त तापते हेही ध्यानात ठेवावं.

वीज तोडण्याइतकाच ती परत येण्याचा क्षण धोक्याचा असतो. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली त्यांना हे चांगलं कळेल. करवतीवर फळी अर्धी कापलेली, वीज गेली, पातं थांबलं. माणूस फळी सोडवायला पात्याजवळ हात नेतो. खटका ‘चालू’वरच आहे हे त्याच्या ध्यानात नाही. वीज येते. माझ्या ओळखीतल्या एका सुताराची दोन बोटं अशी गेली. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. भिंतीवरच्या साध्या बटणाऐवजी हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर असता, तर वीज जाताच त्याची कॉइल सुटली असती आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हललं नसतं. विहिरीवरच्या मोटरीला हा स्टार्टर आपण हमखास लावतो. घरच्या करवतीला तो का नाही? सिंगल फेजसाठी नो-व्होल्ट स्विच म्हणून हीच सोय छोट्या आकारात मिळते. फिरत्या पात्याच्या प्रत्येक मशीनला ती असावी, आणि गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असं मोठं लाल बटण असावं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दिव्यांची लाइन मशीनच्या लाइनपासून वेगळी हवी, म्हणजे मशीनने एमसीबी पाडला तरी फिरतं पातं अंधारात राहत नाही. जुन्या चोकच्या ट्यूब आणि हलके एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. त्या उजेडात मिनिटाला २८५० फेरे घेणारं पातं हळूच सरकत असल्याचा भास होऊ शकतो, म्हणून चांगल्या ड्रायव्हरचे दिवे लावा. सॉकेट टेबलाच्या उंचीवर, लाकडाच्या भुशापासून आणि गाडीतल्या पेट्रोलच्या वाफांपासून वर. वेल्डिंगची ठिणगी पडते त्या बाजूला एकही नको. पाइप पृष्ठभागावरून न्या. पोर्चच्या भिंतीला पुढे-मागे खिळा ठोकला जाणारच, वायर दिसत असली तर तो चुकवता येतो.

काम कुणाकडून करून घ्यायचं, यात मला तडजोड मान्य नाही. परवानाधारक ठेकेदाराकडून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट कागदापुरता राहू देऊ नका. त्याच्याकडे अर्थ टेस्टर आहे का विचारा, खड्ड्याचा रोध तुमच्या देखत मोजून आकडा लिहून मागा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. आम्ही विजेच्या बिलाच्या दिवशी दाबतो, म्हणजे विसरायला होत नाही.

आणि आता याच पोर्चमध्ये विजेवरची मोटार येऊ लागली आहे. तिचा घरचा चार्जर ७.४ किलोवॅटचा असेल तर तो एकटाच ३२ ॲम्पिअर तासन्‌तास ओढतो. सिंगल फेजवर त्यानंतर रंध्यासाठी फारसं काही उरत नाही. वर मी सिंगल फेजच्या बाजूने जे लिहिलं त्याला इथे मर्यादा पडते. गाडी आणि वर्कशॉप दोन्ही हवं असेल तर थ्री फेज घ्या, चार्जर एका फेजवर, मशीन दुसऱ्यावर, घर तिसऱ्यावर. ठेकेदार तसाही येणार आहे, मीटरपासून नवी केबल तशीही टाकावी लागणार आहे. त्याच खोदाईत दुसरा अर्थिंगचा खड्डा आणि शेडकडे जाणारा रिकामा पाइप टाकून घ्या, मशीन अजून विकत घेतलेलं नसलं तरी.